मुंबईत हॉटेल लाइन: फाइव्ह स्टारचं हाउसकीपिंग घेऊ की थ्री स्टारचं रिसेप्शन?

चिपळूणकर९९

नमस्कार मंडळी. मी मूळचा चिपळूणचा, बीकॉम झालंय, गणपतीपुळ्याच्या बाजूला एका रिसॉर्टला दीड वर्ष रिसेप्शनला होतो. रिसेप्शन म्हणायचं एवढंच, बुकिंग घ्यायचं, बिल करायचं, रूमवर पाण्याच्या बाटल्या न्यायच्या आणि लाइट गेली की जनरेटर पण मीच चालू करायचो. हॉटेल मॅनेजमेंट वगैरे काही केलेलं नाही. गेल्या महिन्यात मुंबईला आलो, सध्या डोंबिवलीला मामाकडे आहे.

दोन ठिकाणहून होकार आलाय. एक सहारला एअरपोर्टजवळचं मोठं फाइव्ह स्टार, तिथे हाउसकीपिंगला रूम अटेंडंट. दुसरं मरोळ बाजूचं थ्री स्टार, चाळीस-पंचेचाळीस रूमचं बिझनेस हॉटेल, तिथे फ्रंट ऑफिस पण नाइट शिफ्टच जास्त असेल म्हणाले. थ्री स्टारवाले अठरा हजार देतायत, फाइव्ह स्टारवाले सोळा म्हणाले पण जेवण, युनिफॉर्म त्यांचा.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले बीकॉम होऊन लोकांचे संडास धुवायला मुंबईला गेलास का. मामी काही बोलली नाही पण तोंड तिचंही तसंच झालं. मला स्वतःला तेवढं काही वाटत नाही, फक्त हाउसकीपिंगमधून पुढे फ्रंट ऑफिसला येता येतं का की माणूस तिथेच अडकतो हे कळत नाहीये. इंग्लिश समजतं सगळं, बोलताना ततपप होतं. आणि अजून एक, ट्रेनमध्ये ओळख झालेला एकजण म्हणतो पंधरा हजार दे, क्रूझवर लावतो, पगार डॉलरमध्ये. असं खरंच असतं का?

रात्रपाळी

आधी क्रूझचं. त्या माणसाचा नंबर ब्लॉक कर आणि विषय संपव. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या खात्याचं लायसन लागतं, आरपीएसएल म्हणतात, आणि लायसनवाल्या एजन्सीला नोकरी लावायचे पैसे उमेदवाराकडून घेताच येत नाहीत, नियमच आहे तसा. यादी डीजी शिपिंगच्या साइटवर असते. तुझा स्वतःचा खर्च होतो तो एसटीसीडब्ल्यूच्या सेफ्टी ट्रेनिंगचा, मेडिकलचा, सीडीसीचा म्हणजे खलाशाच्या सरकारी पुस्तकाचा, आणि तो ज्याच्या त्याच्या काउंटरवर भरायचा, ट्रेनमध्ये भेटलेल्या दादाच्या यूपीआयवर नाही. शिवाय चांगल्या क्रूझ कंपन्या बहुतेक पोस्टना चार-पाच स्टारचा अनुभव मागतात, तुझा रिसॉर्ट त्यात कितपत धरतील शंकाच आहे.

आता तुझा प्रश्न. मी अंधेरीतल्याच एका थ्री स्टारला नाइटला आहे त्यामुळे माझं वजन त्या पारड्यात पडणार, ते धरून वाच. छोट्या हॉटेलात रात्री डेस्कवर तू एकटा. खाली एक सिक्युरिटी, वर एक रूम बॉय, किचनमध्ये ऑम्लेट-सँडविचपुरता एकजण, बस. गल्फची फ्लाइटं उतरली की अडीच-तीनला चेक-इन सुरू होतात, त्यात फॉरेनर असला तर पासपोर्ट-व्हिसा बघून फॉर्म सी, म्हणजे फॉरेनर उतरल्याची सरकारी नोंद, चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा, तो राहिला की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न नाइटला कोण होतं. मग ऑडिट. दिवसभराची बिलं, कार्डच्या स्लिपा, कॅश, रेस्टॉरंटच्या केओटी म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या सगळं जुळवायचं, नो-शो म्हणजे बुकिंग करून न आलेले कोण ते बघायचं, कुणाला चुकीचा रेट पडलाय का बघायचं आणि मग डे क्लोज. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या रूमचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा आधी घेतलेल्या बुकिंगांवर जुनाच टॅक्स दिसत होता आणि गेस्ट चेक-आउटला मोबाइलवर बातमी काढून दाखवत होते, एकेक फोलिओ, म्हणजे गेस्टचं बिलाचं खातं, हाताने सुधारला आम्ही. हे सगळं मोठ्या हॉटेलात चार वेगळी माणसं करतात, इथे चारही कामं तुझ्याच गळ्यात पडतात म्हणून वर्षभरात येतात.

इंग्लिशचं म्हणशील तर ऑनलाइन साइटवरून एक रूम जास्त विकली जाते, रात्री एक वाजता माणूस बॅगेसकट समोर उभा, हातात कन्फर्मेशन, आणि तुझ्याकडे रूम नाही. मग आपल्या खर्चाने दुसऱ्या हॉटेलात सोय करायची, गाडी लावून द्यायची आणि ती येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. ततपप तिथेच सुटते. चिडलेला गेस्ट ग्रामर बघत नाही.

वाईट बाजू पण ऐक. शिकवणारं कोणी नसतं, जो तुझ्या आधी होता त्याने जे केलं तेच बरोबर असं चालतं. मॅनेजर बऱ्याचदा मालकाच्या नात्यातला, त्याच्या वर जागाच नाही. सलग नाइट केली की पोट बिघडतं, झोप बिघडते. म्हणून जायचं तर शिकायला जायचं, मुक्काम करायला नाही.

सातारकरताई

हाउसकीपिंगच्या बाजूने कोणी लिहीना म्हणून मीच लिहिते. मी रूम अटेंडंट म्हणूनच लागले होते, आता हाउसकीपिंगलाच असिस्टंट मॅनेजर आहे. आधी बीकेसीला होते, आता टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत.

बाबांना खोटं सांगू नकोस, बाथरूम धुवावी लागते, रोज धुवावी लागते. मॉर्निंगला सातला ब्रीफिंग, हातात रूमची शीट, कुठली चेक-आउट, कुठली स्टे-ओव्हर, कुठे डीएनडी म्हणजे डिस्टर्ब करू नका लागलाय, कुठे व्हीआयपी येणारेत. चौदा-पंधरा रूम एका माणसाला येतात, सगळं भरलं असेल आणि कोणी दांडी मारली असेल तर जास्त. चेक-आउट रूममध्ये शिरलं की दार उघडं ठेवायचं, ट्रॉली दारात आडवी, मग सेफ, ड्रॉवर, कपाट आधी बघायचं कोणाचं काही राहिलंय का, कारण नंतर सापडलं तर तू केव्हा बघितलंस याचं उत्तर तुलाच द्यायचंय. मग चादरी. नवी पोरं आधी फर्निचर पुसतात आणि नंतर चादर झटकतात, म्हणजे सगळी धूळ परत वर. किंग साइजची गादी उचलून चादरीचा कोपरा आत दाबताना कंबरेतून वाकू नकोस, गुडघे वाकव, हे न केलेली निम्मी माणसं पाठीला पट्टा लावून फिरतात.

आणि केस. बाथरूममध्ये एक केस राहिला तर रूम परत. ओल्या फरशीवर तो दिसतच नाही, वाळल्यावर दिसतो, म्हणून शेवटचा हात कोरड्या कपड्याचा मारायचा आणि दाराशी उकिडवं बसून फरशीवर लाइट चमकतो त्या बाजूने तिरकं बघायचं. सुपरवायझर येऊन चित्राच्या फ्रेमवरून बोट फिरवते. मला राग यायचा तिचा. आता मी फिरवते.

अडकतो का तर अडकणारे अडकतात, पण ते सगळ्याच डिपार्टमेंटला. बऱ्याच मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग दोन्ही रूम्स डिव्हिजनमध्येच येतात, दोघांचा मोठा साहेब एकच असतो. जागा निघाली की आतल्या लोकांसाठी नोटीस लागते, आयजेपी म्हणतात, कॅफेटेरियाबाहेरच्या बोर्डावर बघत जायचं. प्रोबेशन संपलं की फ्रंट ऑफिसला क्रॉस ट्रेनिंग मागायचं, बहुतेक वेळा आपल्या ऑफच्या दिवशी किंवा ड्यूटीनंतर करायला लागतं, फुकट, पण जी पोरं करतात तीच पुढे सरकलेली मी बघितलीत. त्याआधी हाउसकीपिंगची कंट्रोल डेस्क मागून घे. दिवसभर फोन, गेस्टचे पण आणि फ्लोअरचे पण, कोणाला इस्त्री पाहिजे, कोणाला उशी पाहिजे, कोणाचा एसी गळतोय. तीच तीच पंचवीस-तीस वाक्यं लागतात, फोनवर तोंड दिसत नाही त्यामुळे लाज पण वाटत नाही. माझं इंग्लिश तिथेच सुधारलं, क्लासला मी एक रुपया घातला नाही.

फ्रंट ऑफिसला उभं राहणं दिसायला बरं दिसतं, मान्य. पण टाय लावून नऊ तास उभं राहून दुसऱ्याच्या चुकीची माफी मागणं मला तरी झेपलं नसतं.

दादर_कॅटरिंग

मी किचनवाला, सीडीपी म्हणजे एका सेक्शनचा शेफ आहे, त्यामुळे रूमवाल्यांच्या भांडणात पडत नाही. कोर्सचं तेवढं बोलतो कारण पुढे कोणीतरी विचारणारच. दादरचं आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी इन्स्टिट्यूट, १९५४ पासूनची, जुने लोक नुसतं कॅटरिंग कॉलेज म्हणतात, तिथली तीन वर्षांची डिग्री बारावीनंतरच्या पोरांसाठी, त्याला एनसीएचएम या हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची जेईई, म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तू बीकॉम झालायस, परत तीन वर्षं घालवू नको. ग्रॅज्युएट लोकांसाठी एनसीएचएमचाच अकोमोडेशन ऑपरेशनचा, म्हणजे रूमच्या कामाचा, पीजी डिप्लोमा असतो दीड वर्षाचा, तो तुझ्या कामाचा. आत्ता नाही, वर्षभर काम करून मग ठरव, कारण काम न करता कोर्स केला की कशाचं काय ते कळतच नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यात दोन खोल्यांत चालणारी इन्स्टिट्यूटं आहेत, बोर्डावर शंभर टक्के प्लेसमेंट. त्यांची प्लेसमेंट म्हणजे तुला आत्ता हातात आहे तीच नोकरी, वर लाखभर फी भरून. लांब राहा.

आणि किचनला यायचं मनात असेल तर आत्ताच सांग, तेविसाव्या वर्षी कॉमी थ्री, म्हणजे सगळ्यात खालचा कुक, म्हणून कांदे सोलायला सुरुवात करणं अजून चालतं, तिशीत नाही चालत.

कट्टेकरी

कांदे काय, लसूण. पोतंभर. तेही बँक्वेटचं लग्न असताना रात्री बाराला.

निवृत्त_कॅप्टन

बाळा, मी १९८१ ला टाउनमधल्या एका मोठ्या हॉटेलात बसबॉय म्हणजे टेबलं आवरणारा पोरगा म्हणून लागलो, रेस्टॉरंट कॅप्टन म्हणून रिटायर झालो. सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय पण मूळ गोष्ट कोणी विचारली नाही. तुझ्या फाइव्ह स्टारच्या लेटरवर नाव कुणाचं आहे? हॉटेलचं की मॅनपॉवर कंपनीचं?

आमच्या काळी युनियन होती, परमनंट झालास की घर चालायचं, मुलांची शिक्षणं व्हायची, सर्व्हिस चार्जमधला वाटा वेगळा. आता रूम अटेंडंट, स्टुअर्डिंग म्हणजे भांडी-सफाई, पब्लिक एरिया, बऱ्याच ठिकाणी ही माणसं कंत्राटदाराची. युनिफॉर्म तोच, बॅज तोच, कॅफेटेरियात ताट तेच, गेस्टला काही कळत नाही, पण सातारकर ताई म्हणतायत ती आयजेपीची नोटीस तुझ्यासाठी नसते. ती ऑन-रोलवाल्यांची, म्हणजे थेट हॉटेलच्या पगारावरच्यांची.

सर्व्हिस चार्जचंही सांगतो, इंटरव्ह्यूला कोणी म्हणालं की वर एवढे एवढे सुटतात तर त्यावर हिशोब बांधू नकोस. जुलै २०२२ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात तो आपोआप लावायचा नाही असं सांगितलं, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. गेस्टने खुशीने दिला तर दिला. रूम अटेंडंटला तसाही उशीखालच्या टिपेचाच आधार, तीही कार्डाच्या जमान्यात आटली.

दोन्हीकडे तीन गोष्टी विचार, लेटर कुणाचं, सोळा ग्रॉस की हातात, आणि पीएफ कधीपासून.

चिपळूणकर९९

काका, तुम्ही विचारलंत म्हणून मेल उघडून नीट वाचलं. लेटर साकीनाक्याच्या कुठल्यातरी फॅसिलिटी कंपनीचं आहे. हॉटेलचं नाव फक्त ‘साइट’ म्हणून खाली लिहिलंय. इंटरव्ह्यू मात्र हॉटेलमध्येच झाला होता, हॉटेलच्याच माणसाने घेतला, म्हणून मला वाटलं त्यांचंच. सोळा ग्रॉस आहेत. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट.

थ्री स्टारला फोन केला, ते म्हणाले अठरा हातात, पीएफ तीन महिन्यांनी कन्फर्म झाल्यावर.

निवृत्त_कॅप्टन

झालं ना. सोळातून पीएफ जाणार, ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पाऊण टक्का, प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे, हातात चौदाच्या आसपास काहीतरी उरेल. आणि थ्री स्टारवाल्यांना गोड शब्दांत सांग की वीस माणसं कामाला असली की पीएफचा कायदा लागतो आणि तो पहिल्या दिवसापासून लागतो, कन्फर्म झाल्यावर नाही. चाळीस रूमच्या हॉटेलात तिन्ही शिफ्ट धरून वीसच्या वर माणसं असणारच. भांडू नको, नुसतं विचार. कसं उत्तर देतात त्यावरून मालक कसा आहे ते समजेल. ईएसआयसी पण बघ, एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला ते असतं, नाइट करणाऱ्याला दवाखाना कधी लागेल सांगता येत नाही.

सातारकरताई

लेटर एजन्सीचं असेल तर माझं मत बदललं. मी जे लिहिलं ते ऑन-रोल धरून लिहिलं होतं. काँट्रॅक्टवर राहून पुढे हॉटेलने रोलवर घेतलेली पोरं माझ्या हाताखाली आहेत, नाही असं नाही, पण त्यात सुपरवायझरची मर्जी लागते, जागा निघावी लागते आणि तोपर्यंत अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन परत नवीन लेटर. तुझ्यासारखा ग्रॅज्युएट, दीड वर्ष डेस्कवर बसलेला, त्याने तिथून सुरुवात करायची गरज नाही.

पण थ्री स्टारला हो म्हणायच्या आधी एक कर. सहार, मरोळ, सांताक्रूझ, बीकेसी एवढ्या पट्ट्यात किती मोठी हॉटेलं आहेत बघ, त्यांच्या स्टाफ गेटला जाऊन टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे स्टाफची हजेरी लागते तिथे विचार, जीएसए (डेस्कवरची सुरुवातीची पोस्ट) फ्रंट ऑफिस किंवा हाउसकीपिंग, ऑन-रोल जागा आहे का. मेन लॉबीतून जाऊ नको, मागचा गेट विचार, तिथला सिक्युरिटीवालाच सांगतो एचआर कुठल्या दिवशी वॉक-इन घेतं. ऑनलाइन टाकलेले सीव्ही हजारोंच्या ढिगात जातात. समोर उभा राहिलेला, दाढी केलेला, बूट चकचकीत असलेला मुलगा दिसला की एचआरवाली फॉर्म हातात देतेच, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून लग्नं आणि फॉरेनर दोन्हीचा सीझन लागतो तेव्हा तर नक्कीच.

रात्रपाळी

ताईंशी सहमत, आणि आता माझ्या पोटावर पाय आला तरी चालेल. पण ऑन-रोल मिळेपर्यंत घरी बसू नकोस, थ्री स्टार धर. पीएमएस, म्हणजे हॉटेलचं बुकिंग-बिलाचं सॉफ्टवेअर, शिकून घे, छोट्या हॉटेलात बहुतेक आयडीएस किंवा तसलंच काहीतरी असतं, मोठ्यात ऑपेरा. एक नीट आलं की दुसरं पंधरा दिवसांत जमतं, बटणं वेगळी पण फोलिओ तो फोलिओच.

डोंबिवलीवरून येण्याजाण्याचं कोणी काढलं नाही, मुंबईत अर्ध्या नोकऱ्या त्यावरच सुटतात. मॉर्निंग सातची म्हणजे तू पाचच्या आत प्लॅटफॉर्मवर. दुपारी दोन ते अकराची सगळ्यात वाईट, अकराला सुटलास, हँडओव्हरमध्ये अर्धा तास गेला की मेट्रो गेलेली, मग घाटकोपरपर्यंत रिक्षा आणि शेवटच्या लोकलमागे धावायचं, ती चुकली तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत प्लॅटफॉर्म. हॉटेलची ड्रॉप असते पण ती कुठपर्यंत ते आधी विचार, डोंबिवलीपर्यंत कोणी सोडत नाही. उलट नाइटला तू रात्री नऊ-साडेनऊला डोंबिवलीहून निघणार, तेव्हा सगळी गर्दी समोरून येत असते, तुझी गाडी रिकामी. सकाळी सुटलास की परत उलटं, लोक सीएसएमटीकडे लोंबकळतायत आणि तू खिडकीत बसून झोपत घरी. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, तिथून चालत. कोणी सांगत नाही पण लांब राहणाऱ्याला नाइट परवडते ती अशी.

सहा-आठ महिन्यांनी मरोळ किंवा साकीनाक्याला कॉट बेसिसवर जागा बघ. एका खोलीत पाच-सहा जण, सगळे हॉटेल किंवा एअरपोर्टवाले बघून घे, म्हणजे दिवसा झोपलास तर कोणी लाइट लावून गाणी लावणार नाही. ऑफिसवाल्या पोरांबरोबर नाइटवाल्याने राहू नये, रविवारी मारामाऱ्या होतात.

खेडची_अनामिका

मधेच विचारते, सॉरी. माझी धाकटी बहीण फ्रंट ऑफिसला जायचं म्हणतेय, घरचे नाइट म्हटलं की नाहीच म्हणतात. मुलींना नाइट कंपल्सरी असते का?

सातारकरताई

नाही गं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात मुलीला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, घरी पोचवायची सोय मालकाने करायची असते. मोठ्या हॉटेलात संमतीचा फॉर्म सही करून घेतात आणि ड्रॉपच्या गाडीत सिक्युरिटी किंवा एस्कॉर्ट असतो, शेवटी उतरणारी मुलगी एकटी राहणार नाही असा रूट लावतात. छोट्या ठिकाणी हे सगळं कागदावर असतं की गाडी खरंच येते ते तिथे काम करणाऱ्या मुलीलाच विचार, एचआरला नको. आणि नाइट अजिबातच नाही म्हणाली तर फ्रंट ऑफिसला ड्यूटी मॅनेजरच्या पुढे जाणं अवघड होतं, हे पण तिला माहीत असू दे. रिझर्वेशन, सेल्स, एल अँड डी म्हणजे स्टाफचं ट्रेनिंग, तिकडे दिवसाचं काम असतं.

दादर_कॅटरिंग

बहिणीला बेकरीचं पण सांगा, पहाटे सुरू होऊन दुपारी मोकळं. चारची पहाट कोणाला पहाट वाटत असेल तर.

चिपळूणकर९९

सगळ्यांचे आभार. फॅसिलिटी कंपनीला नाही कळवलं. थ्री स्टारवाल्यांना पीएफचं विचारलं, आधी मॅनेजर म्हणाला असं कोणी विचारत नाही, मग अकाउंट्सला फोन दिला, त्या मॅडम म्हणाल्या पहिल्या महिन्यापासून करून देऊ पण मग हातात सोळा येतील. मी म्हटलं चालेल. सोमवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. गुरुवार-शुक्रवार दोन दिवस सहार आणि सांताक्रूझची हॉटेलं फिरतो, मिळालं ऑन-रोल तर मिळालं, नाहीतर सोमवारी मरोळ.

बाबांना फ्रंट ऑफिस सांगितलं तेव्हा खूश झाले, नाइटचं अजून सांगितलेलं नाही.

ताई, टाइम ऑफिसला जाताना काय काय नेऊ? आणि किती वाजता गेलेलं बरं?

सातारकरताई

सीव्ही दोन पानांच्या वर नको, चार-पाच कॉप्या, पासपोर्ट साइज फोटो, आधार-पॅन, मार्कशीटच्या झेरॉक्स, रिसॉर्टचं एक्सपिरियन्स लेटर. ते घेतलं नसशील तर आजच फोन करून लेटरहेडवर मागव, पगाराच्या स्लिपा नसतील तर बँक स्टेटमेंट काढून ठेव. फॉर्मवर एक्स्पेक्टेड सॅलरीच्या रकान्यात आकडा घालू नकोस, कंपनीच्या नियमाप्रमाणे असं लिही. काळी पँट, फिका शर्ट, काळे मोजे, पांढरे नाही. मनगटातले दोरे-धागे काढून जा, ग्रूमिंगवाले तेच आधी बघतात.

बारा ते दोन जाऊ नको, चेक-आउट आणि लंच दोन्ही एकदम असतात, तेव्हा एचआरवाले पण कॅफेटेरियात. तीन ते पाच बरं. शुक्रवारी विकेंडच्या लग्नांची गडबड असते, म्हणून मोठी हॉटेलं गुरुवारीच उरक. आणि पोचायच्या आधी काहीतरी खाऊन घे, टाइम ऑफिसच्या बाकावर दोन-दोन तास बसवतात.